पी-आठचा पिस्टन रॉड

"आई, ह्याला कुणी हात लावला?"

अमृतनं विचारलं ते नुसतं विचारायचं म्हणून. काल दसऱ्याला कापूरहोळच्या त्याच्या वर्कशॉपात पूजा झाली होती. लेथपासून पान्यापर्यंत जे जे लोखंडाचं होतं, त्यावर लीलाबाईंच्या बोटांचं हळदीकुंकू उमटलं होतं. टेबलावरच्या पिस्टन रॉडवरही. त्यानं फडक्यानं ते पुसलं, तर खाली तांबूस डाग निघाला.

"नारळाचं पानी शिंपडलंस व्हय ह्याच्यावर?"

"उलिसं. समद्या हत्यारांना दिलं. आन् ज्याच्यापायी तू धड जेवला न्हाईस, त्येलाच उपाशी ठिवू?"

रॉड जर्मनीला जायचा होता. तिथल्या काही हौशी मंडळींनी पी-आठ जातीचं वाफेचं एक इंजिन जपून ठेवलंय. शंभर वर्षांपूर्वी तिकडच्या प्रवासी गाड्या असली इंजिनं ओढायची. भोर तालुक्यात औषधालाही रेल्वेचा रूळ नाही, आणि तिथल्या माणसाला हे काम मिळालं, याचंच अमृतला कोण अप्रूप! पोलाद त्यांनीच पाठवलं होतं, एका रॉडपुरतं. हा पसंत पडला तर पुढची कामं. बाहेर धनाजी टेम्पो लावून त्याचीच वाट बघत होता.

अमृतनं बारीक पॉलिश पेपर घेतला. घासून घासून डाग फिका झाला, पण सुईच्या टोकाएवढे खड्डे राहिले ते राहिलेच. नखाला लागत होते. त्यानं मायक्रोमीटर लावून जाडी पाहिली आणि तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली. आणखी घासावं तर रॉड मापापेक्षा बारीक होणार, न घासावं तर इंजिनात आत-बाहेर सरकताना त्या खड्ड्यांतून वाफ निसटणार. त्यानं पेपर भिंतीवर भिरकावला. कागदच तो, त्याचा धड आवाजही झाला नाही. अमृत आणखी चिडला.

"अमृतशेठ, भरायचा का माल?" धनाजीनं दारातून विचारलं. "मला पुढं सासवडचं भाडं हाय."

"जा तू."

"मोकळाच?"

"जा म्हनलं ना!"

टेम्पो हायवेला लागला, तशा लीलाबाई टेबलाजवळ आल्या. त्यांनी रॉडकडं निरखून पाहिलं.

"येवढ्याशा डागानं?"

"येवढ्याशा डागानं. आता भंगारात घालायचा ह्यो. वाटोळं केलंस आई, समद्याचं वाटोळं केलंस."

लीलाबाईंचा चेहरा उतरला. पण ऐकून घेऊन गप्प बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"मला येक सांग. तूच म्हनला व्हतास, ती गाडी पान्याच्या वाफंवर चालती. मग तिथं न्हाई का गंज चढत?"

"तिथं तेल असतंय!" अमृत ओरडला. "इंजिन चालू असलं की रॉडला सारखं तेल मिळत असतंय. तेलाचा हात फिरवला की पानी धरत न्हाई लोखंडाला. शेंबड्या पोरालाबी कळतंय येवढं!"

"मग तू का न्हाई फिरवलास?"

तेल अमृतनं मुद्दामच लावलं नव्हतं. दसऱ्याला सोनं द्यायला माणसं येणार होती. जर्मनीला जाणारी वस्तू त्यांना झगझगीत दिसायला हवी होती, आणि तेलानं ती मळकट दिसली असती. माणसं आली, वाकून वाकून रॉडमध्ये आपली तोंडं बघून गेली. अमृतची छाती फुगली होती.

तो खाली मान घालून रॉडवरून अंगठा फिरवत राहिला. लीलाबाईंनी पदराला हात पुसले आणि फळीवरचा तेलाचा डबा उतरवला.

"हे घे," त्या हळूच म्हणाल्या. "आता लावलं तर न्हाई का चालायचं?"