बोक्याची किंकाळी

"बाई, अजून एकदा घेऊ या का?" ध्वनिमुद्रक काचेपलीकडून म्हणाला.

बाईंनी हेडफोन सारखे केले, श्वास भरला आणि त्या किंचाळल्या. किंकाळी झकास होती. फक्त ती बोक्याची नव्हती.

बोक्याच्या जुन्या कार्टूनपटांची डागडुजी चालली होती. चित्रं उजळून झाली होती. आवाज मात्र पार खरखरला होता. मूळ ध्वनिफिती सापडत नव्हत्या, म्हणून ज्यांनी बोक्याला आवाज दिला त्या बाईंनाच चित्रपटांच्या मालकांनी बोलावून घेतलं होतं. वय सत्तरीपुढचं, चालताना भिंतीचा आधार लागायचा. पण माइकसमोर उभ्या राहिल्या की गळ्यातून अस्सल बोका बाहेर यायचा. त्याची शिंक, त्याचं लाडात येऊन गुरगुरणं, घशात काटा अडकल्यावरची खाकरणी, सगळं त्यांनी एका दमात दिलं होतं.

अडलं ते कपाटापाशी. बोक्यावर कपाट कोसळतं, तो कागदासारखा चपटा होतो, आणि खालून ती जगप्रसिद्ध किचकिच ऐकू येते. दोन तुटक झटके, मग वर वर चढत गेलेली एक लांब रेघ, आणि शेवटी तिचे तुकडे तुकडे. लोकांना हसून हसून पोट धरायला लावणारी किंकाळी ती हीच. ध्वनिमुद्रकाने लहानपणी तिची नक्कल करून शाळेत मार खाल्ला होता. आता त्याची मुलगी जेवता जेवता तीच करायची आणि आजीला ठसका लागेपर्यंत हसवायची.

महिनाभर तेच तेच बघून त्याचं मात्र हसू आटत चाललं होतं. प्रत्येक चित्रपटात बोका मरत होता. चाकाखाली सापडत होता, विहिरीत बुडत होता; एका ठिकाणी तर मांजरीने नाही म्हटलं म्हणून स्वतःच गळ्यात दोर अडकवत होता. आपण यालाच हसत होतो की काय, असं त्याला वाटून जायचं.

"बाई, ती किचकिच जमत नाहीये," तो आत येऊन म्हणाला.

"ती मला येत नाही रे."

"म्हणजे आता येत नाही?"

"तेव्हाही येत नव्हती." बाईंनी पाण्याचा घोट घेतला. "त्या दिवशी मी मध्येच घरी गेले. मागाहून दिग्दर्शक साहेबांनी काय ते जुळवलं. तू ही नवी घाल आणि ती जुनी पुसून टाक. कुणाला कळतंय?"

"सगळ्यांना कळेल, बाई."

"मग कळू दे," त्या म्हणाल्या आणि पर्स उचलून निघाल्या.

ध्वनिमुद्रकाच्या मनात पाल चुकचुकली. ज्या किंकाळीवर बाईंचं नाव झालं, सत्कार झाले, ती त्यांना येतच नव्हती? आणि वर जुनी पुसून टाक म्हणतात? कुणा दुसरीचं श्रेय इतकी वर्षं गिळून बसल्या असतील, तर पुरावा नाहीसा व्हावा असंच त्यांना वाटणार. त्याला राग आला. लहानपणचं काहीतरी फसवं निघाल्यासारखा राग.

दुसऱ्या दिवशी त्याने ते मालकांच्या कानावर घातलं. मालक हलक्या कानाचे. त्यांनी त्याच्यासमोरच बाईंना फोन लावला, स्पीकर चालू ठेवला आणि आडपडदा न ठेवता विचारलं.

"तुम्ही त्या दिवशी स्टुडिओत नव्हता, हे खरं?"

"किचकिच जुळवली तेव्हा नव्हते."

"मग श्रेयनामावलीत तुमचं नाव कसं ठेवायचं? लोक आम्हाला जाब विचारतील."

मग बाई म्हणाल्या, "नाव काढा. पण मग ती किंकाळीही काढाल ना?"

मालक हसले. "ती कशी काढणार? लोक येणार ते तिच्यासाठीच."

बाईंनी फोन ठेवला.

"बघितलंस? एका शब्दाने नाकारलं नाही," मालक म्हणाले. "आता ती खरी कोण, ते शोध. तिचं नाव टाकू. बातमीही होईल."

ध्वनिमुद्रक हट्टाला पेटला. दिग्दर्शक साहेबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचं सामान त्यांच्या पुतण्याने गोदामात टाकून ठेवलं होतं. दोन दिवस धूळ खाल्ल्यावर, मोडक्या पंख्यामागे, गंजलेल्या डब्यात मूळ फीत सापडली. गती वाढवून किचकिच करण्याआधीची, जशी मुद्रित झाली तशी.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्याने ती यंत्रावर चढवली. हेडफोन लावले. आता त्या दुसरीचा आवाज ऐकू येणार म्हणून कागद-पेन्सिलही जवळ घेतली.

आधी बाईच होत्या, तरण्या आवाजाच्या. शिंकल्या, गुरगुरल्या. साहेबांचा आवाज आला, "वा!" मग दार उघडल्याचा आवाज, आणि कुणीतरी म्हणालं, "बाई, तुमच्या घरून फोन आहे. इथेच जोडून देतो."

"हं, बोला ना," बाई म्हणाल्या. त्या अजून मघाच्या शिंकेवर हसत होत्या.

मग काही क्षण नुसती फीत सरकत राहिली.

"नाही. नाही. आत्ताऽऽ तर मी त्याला झोपवून आले हो, आत्ता तर, माझं बाळ, माझं, माझं..."

दोन तुटक झटके. वर वर चढत गेलेली लांब रेघ. मग तुकडे.

ध्वनिमुद्रकाच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. फितीवर खुर्ची पडली, धावती पावलं दूर गेली, आणि कुणीतरी चाचरत विचारलं, "साहेब, मशीन बंद करू?"

"वेडा आहेस का?" साहेब हळूच म्हणाले. "ती लांब जाईपर्यंत चालू ठेव."