अमावास्येची सभा

रावसाहेब हरिहरपंत पिंपुटकर पोटरीपर्यंत चिखलात रुतले होते. एका हातात जोडे, दुसऱ्यात धोतराचा सोगा. खाडीला ओहोटी लागली होती. पाणी जिथे उरलं होतं तिथे लिनोची होडी होती, आणि लिनो व त्याचा भागीदार धाकू जाळं ओढत होते.

"लिनो, सभेला चल!" रावसाहेब ओरडले. "तुझी खुर्ची रिकामी आहे."

लिनोने मान वर केली नाही. काठावर जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, सुकायला पसरणारी त्याची बायको एमिलिया मात्र हसली. "अगो बाय! रावसाहेब सोता बोलवाया आले. पालखी नाय आणली?"

मुन्शिपालटीचा अध्यक्ष कोळणीचं असलं बोलणं निमूट ऐकून घेतो, त्याला तसंच कारण लागतं.

दिवा गावाच्या अलीकडच्या या मुन्शिपालटीत मेंबर पाच. चार पेठेतले, आणि कोळीवाड्याचा म्हणून कलेक्टरसाहेबाने नेमलेला लिनो. रावसाहेबांना खाडीकाठी एक चौथरा बांधायचा होता. संध्याकाळी सभ्य माणसांनी तिथे बसून हवा खायची. चौथऱ्याला कलेक्टरसाहेबाचं नाव, आणि हरिहरपंतांच्या नावामागे, देवाच्या दयेने, रावबहादूर. जागा ठरली ती कोळीवाड्याची जवळा सुकवायची. तेवढीच कोरडी जागा त्यांना होती. ती गेली की पावसाळ्यात चूल कशावर पेटणार, हा प्रश्न पेठेत कुणाला पडला नव्हता.

गेल्या सभेत लिनोने उठून एवढंच विचारलं, "मंग जवळा तुमच्या अंगणात घालू काय?" विश्रामशेठ आणि नारोपंत हे दोन म्हातारे मेंबर चुळबुळले आणि ठराव लांबला.

लिनोने आणखी एक मागितलं. सभा भांगाच्या दिवसांत ठेवा. तेव्हा भरती लहान, जाळी घरीच असतात. उधाणाच्या दिवशी ठेवायची तर बुडालेल्या दिवसाचा भत्ता द्या.

भत्ता हा शब्द ऐकून रावसाहेबांना शिसारी आली. त्यांच्या जमिनीवर कुळं राबत होती, म्हणून पैशाचा तिटकारा त्यांना परवडत होता. "लोकसेवा फुकट करायची असते," ते म्हणाले. "ज्याला झेपत नाही त्याने घरी बसावं." तरुण वकील गुरुदत्तने टाळी वाजवली. त्याला उपाध्यक्ष व्हायचं होतं.

मग रावसाहेबांनी पंचांग उघडलं आणि पुढची सभा अमावास्येला ठेवली. अमावास्येला मोठं उधाण. जाळं सोडून कोळी कशाला येतो? आपल्या हुशारीवर ते सभेच्या दिवसापर्यंत खूश होते.

अमावास्येला लिनो आला नाही. विश्रामशेठही आला नाही. असल्या दिवशी आपण गुळाची ढेपसुद्धा फोडत नाही, असा त्याचा निरोप आला. नारोपंतांनी तर बोलवायला आलेल्या शिपायाला पायरीवरूनच परतवलं. "अमावास्येला ठराव? माझ्या घरावर उठलाय का तुझा रावसाहेब?" सेवा फुकटची, त्यामुळे कुणाचं काही कापून घ्यायचीही सोय नव्हती.

तीन मेंबर बसल्याशिवाय सभा भरत नाही, असा नियम. रावसाहेब आणि गुरुदत्त एकमेकांची तोंडं बघत बसले. उद्या ठराव ठाण्याला साहेबापुढे गेला नाही तर जागेची मंजुरी रद्द होणार होती. तिसरं माणूस हवं होतं. ते विरुद्ध गेलं तरी बिघडत नव्हतं. दोघांपुढे एकट्याचं काय चालतं? म्हणून हा चिखल.

"हे बघ," रावसाहेब आणखी एक पाऊल आत टाकत म्हणाले, "भत्ता देतो. आजचा देतो, मागचाही देतो. गाडी उभी आहे. तू नुसता येऊन बस. मत दे हवं तर विरुद्ध."

लिनोचे हात थांबले. "बाकीचे कुठं हायत?"

"आज अमावास्या ना," काठावर कोरडा उभा असलेला गुरुदत्त बोलून गेला. "तू आलास की तीन होतात."

रावसाहेबांनी मागे वळून नुसतं पाहिलं, आणि गुरुदत्तचं उपाध्यक्षपद तिथेच चिखलात गेलं.

"जा रं," धाकू पुटपुटला. "देतायत तर घे."

लिनोने काठाकडे पाहिलं. एमिलिया आता हसत नव्हती. तिच्या पायाशी जवळा उन्हात गुलाबी पडत चालला होता. लिनोने जाळ्याला पुन्हा हात घातला.

"भत्ता ऱ्हाऊ द्या, रावसाहेब," तो म्हणाला. "पुढची सभाबी अमावास्येलाच ठेवा."