चमचाभर विरजण

वृद्धाश्रमात नवे व्यवस्थापक आले आणि नियम लागला: स्वयंपाकघरात कालचं काही ठेवायचं नाही. पहिल्याच तपासणीत त्यांना फडताळात विरजणाची झाकलेली वाटी सापडली.

"साहेब, ते शिळं नाही, जिवंत आहे," स्वयंपाकीणबाई कळवळून म्हणाल्या. "पंधरा वर्षांपूर्वी एक आजी घर सोडून इथं आल्या, तेव्हा देवापुढचा दिवा आणावा तशी ही वाटी ओंजळीत धरून आल्या. त्या गेल्या, पण त्यांच्या विरजणात मी एक दिवस खंड पडू दिला नाही."

"जिवंत म्हणजे जंतूच की, बाई!" साहेबांनी वाटी मोरीत उपडी केली आणि वरून उकळतं पाणी ओतलं. "पातेल्यातलं दही आत्ताच सगळं वाढून टाका. उद्यापासून पाकिटातलं आणू."

बाई वाढायला गेल्या खऱ्या, पण डोळ्यांतलं पाणी काही लपेना. एकीनं विचारलं, बाईंनी सांगितलं आणि बघता बघता ती हकिगत चाळीस ताटांपर्यंत पोचली.

जेवणं उरकली. दाराशी उभ्या असलेल्या साहेबांच्या नाकासमोरून चाळीस म्हातारेकोतारे ताठ मानेनं आपापल्या खोल्यांकडे निघाले. प्रत्येकाच्या हातात पाण्याचा रिकामा केलेला पेला होता आणि त्यात, जेवायला सुरुवात करण्याआधीच काढून ठेवलेलं, चमचाभर दही.

"काय हो, दही आवडलं नाही वाटतं?" साहेबांनी पोस्टमास्तर आजोबांना हटकलं.



"फार आवडलं," आजोबा न थांबता म्हणाले, "म्हणूनच तर संपवलं नाही!"