निळ्या रंगाखाली

“खरवडू नका हो बाई, रंग मूळचा आहे!” थोरले जवळजवळ ओरडलेच.

संग्रहालयाच्या बाईंनी हात मागे घेतला, पण नजर इंजिनावरच ठेवली. मघापासून त्या जमिनीवर बसून तो छोटा जपानी ट्रॅक्टर न्याहाळत होत्या. जेमतेम छातीइतका उंच. गिअरच्या दांड्यापाशी ससा आणि कासवाचं चित्र, म्हणजे वेगात जायचं की सावकाश ते अडाण्यालाही कळावं. शेजारी कुणालाच वाचता न येणारी जपानी अक्षरं. दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, आणि एक नटसुद्धा उगाच लावलेला नाही. खरंच, काय देखणं यंत्र होतं! बघणाऱ्याला त्याच्या पाठीवर थाप मारावीशी वाटे.

“इंजिन एकदाही बदललेलं नाही,” थोरले छाती काढून म्हणाले. संग्रहालय फक्त जसेच्या तसे राहिलेले ट्रॅक्टर घेत होतं. आपला तिथे उभा राहावा आणि खाली आपलं नाव लागावं, याचा त्यांनी ध्यासच घेतला होता. “नाहीतर त्या धाकट्याचा बघा. कधीचा शेडमध्ये अंडी उबवत बसलाय. आणि हा पठ्ठ्या नांगरायला भाड्याचा आणतो!”

धाकटा म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ, कुंपणापलीकडे राहणारा. दोघं मिळून एक ट्रॅक्टर घ्यायला गेले होते. थोरल्यांना निळा हवा होता, धाकट्याला दुसऱ्या कंपनीचा लाल. दुकानातच जुंपली. शेवटी दोघांनी एकेक घेतला आणि बोलणं टाकलं ते टाकलंच.

थोरल्यांनी हे सांगितलं तेव्हा बाईंना हसू आवरेना. “काका, निळे आणि लाल, दोन्ही एकाच कारखान्यात बनायचे. आतून सगळं सारखं. नाव आणि रंग तेवढा वेगळा.”

“काहीतरीच!”

बाईंनी डिझेल पंपाच्या मागे हातातल्या बॅटरीचा उजेड टाकला. तिथे ब्रश पोचला नव्हता. “माफ करा काका. हे इंजिन लाल आहे. निळ्या रंगाचा हात नंतर दिलाय.”

थोरल्यांचा चेहरा पार उतरला. एवढ्यात दारात उभी असलेली त्यांची बायको पुढे आली.

“अहो, चुकलं माझं. तुम्ही पाय मोडून दवाखान्यात होतात ना, तेव्हा मी चालवला. रेडिएटरमधलं पाणी संपलेलं कळलंच नाही. इंजिन जाम झालं. तुमचा एवढा जीव त्याच्यावर, कुठल्या तोंडाने सांगणार? भाऊजींना हाक मारली. ते म्हणाले, भंगारात दुसरं मिळतंय, देतो बसवून. वर शपथ घातली, दादाला कळू द्यायचं नाही.”

“भंगारातलं? माझ्या ट्रॅक्टरात?” थोरले काठी उचलून तडक निघाले. इतक्या वर्षांत त्यांनी कुंपणाचं फाटक ओलांडलं नव्हतं. आज ते लाथेनेच उघडलं.

धाकटा शेडमध्ये लाल ट्रॅक्टर पुसत होता. पुसून पुसून त्याने पत्र्याचा आरसा केला होता.

“कुठलं भंगार भरलंस रे माझ्या ट्रॅक्टरात? स्वतःचा मात्र नवरदेवासारखा सजवून ठेवतोस!”

“दादा, राहू दे ना आता.” धाकट्याने बॉनेटवर दोन्ही हात दाबून धरले.

थोरल्यांनी ते हात बाजूला सारले आणि बॉनेट उचललं. आत इंजिनच नव्हतं.