काल्याचं विमान

"हे उलटं झालं की बंद पडंल का?" गोरक्षनाथबाबांनी विचारलं.

आसारामने मान वर केली नाही. त्याच्या मांडीवर लाकूड कापायच्या कटरचं इंजिन होतं. पातं, साखळी, ओढायची दोरी, सगळं काढून टाकलेलं. पुढच्या दांड्यावर आता लाकडी पंखा बसत होता.

"न्हाई पडत, बाबा. झाड कापताना कटर आडवं धरा, उलटं धरा, चालतंच राहतं. म्हनून तर इमानाला हेच घेतलं."

"अन् आभाळात पेट्रोल संपलं तर?"

"तरंगत येतंय खाली. नाक जरा खाली धरायचं, घाई करायची न्हाई."

"नाक खाली करायला कोन्ती काडी?"

"रिमोटची उजवी. पुढं ढकलायची." आसारामने सांगितलं आणि मनात म्हटलं, घ्या, आणखी एक हरकत.

बाबा म्हणजे गावच्या हरिनाम सप्ताहाचे कर्तेधर्ते. त्यांनी हो म्हटल्याशिवाय मंडपात सतरंजीसुद्धा हलत नसे. आणि आसारामला तर शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनात, हंडी फुटताच आभाळातून फुलं टाकायची होती.

गावाने हसून घेतलं होतं. "काय आसाराम, सदेह वैकुंठाला निघालास व्हय?" तिसगावच्या स्टँडवर चहा पिताना कुणीतरी विचारायचंच. "तुमी बसा मागं, सोडतो वाटंत," म्हणून तोही हसायचा.

मनातलं मात्र त्याने फक्त बायकोला सांगितलं होतं. झाडं तोडणं हा त्याचा धंदा. रस्ता रुंद झाला तेव्हा देवळामागचा उंबर याच इंजिनाने पडला. सरकारी काम होतं, कुणी बोल लावला नाही. पण तेव्हापासून आसाराम कीर्तनाला बसला की त्याची नजर त्या मोकळ्या जागेवर जायची आणि टाळ चुकायचा. त्याच इंजिनाने एकदा देवाच्या दारी फुलं पडावीत, की मन मोकळं झालं.

बाबा "बघू" म्हणायचे. दुपार झाली की खाटेवर येऊन बसायचे आणि खोदून खोदून विचारायचे. एकदा म्हणाले, "ही भक्ती हाय का खेळ?" काळजीचं कारण नाही हे पटावं म्हणून आसारामने मोबाईलवरचं सरावाचं विमान दाखवलं. आधी त्यावर हात बसवायचा, मग खरं उडवायचं.

बाबांचा चेहरा कडक झाला. "म्हंजी खेळच की. माझ्या मोबाईलात घाल. पंचांना दाखवतो."

पुढे दोन दिवस बाबा फिरकलेच नाहीत. पंचांची बैठक चालली असणार, असं आसारामने धरलं.

"बाबा आले की तुमी लई बोलता," झेंडूच्या पाकळ्या सोडवत त्याची बायको विजयमाला म्हणाली.

"मानूस विचारतंय तर सांगू न्हाई?"

"सांगा की. मी कुठं नको म्हनते?" ती खाली मान घालून पाकळ्या सोडवत राहिली.

इंजिन पहिल्यांदा एवढं थरथरलं की दोन स्क्रू उडून गोठ्यात गेले. मग जुन्या टायरचे तुकडे खाली घातले, तेव्हा ते शांत झालं. खाटेपेक्षा लांब पंखांचं ते विमान पडीक रानावरून उठलं, तेव्हा बाबा बांधावर कपाळाला हात लावून उभे होते.

"आवाज लई हाय," एवढंच बोलले. जाता जाता म्हणाले, "कीर्तनात नको. हंडी फुटल्यावर."

आसारामला ते खरंच वाटेना.

काल्याच्या दिवशी विमान शाळेमागच्या मैदानात तयार होतं. पेटीत पाकळ्या, राखणीला विजयमाला. मंडपात कीर्तन असं रंगलं होतं की टाळकऱ्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. महाराज गोपाळांच्या शिदोऱ्या सोडत होते आणि अख्खं गाव त्या गोकुळात जेवायला बसलं होतं. आसाराम कडेकडेने निघाला. वाटेत बाबा उभे होते, गळ्यात वीणा.

"आसाराम, दोन मिनिटं धर. हातपाय धुऊन येतो."

वीणेला कुणी नाही म्हणत नाही. सप्ताहातली वीणा अखंड वाजती राहते. ती खाली टेकवायची नाही, आणि दुसऱ्याच्या गळ्यात घातल्याशिवाय आपली सुटका नाही. दोघे एकमेकांच्या पायाशी वाकले. बाबा गर्दीत दिसेनासे झाले.

दोन मिनिटं कधीच सरली. वीणेचा पुढचा पहारा अजिनाथचा. तो समोरच टाळ वाजवत होता. आसारामने डोळ्यांनी खुणावलं. अजिनाथ डोलत डोलत जवळ आला.

"मला घेता येत न्हाई. बाबांनी बजावलंय, हंडी फुटून आरती होस्तोवर आसारामची वीणा कुनी उतरायची न्हाई."

आता सगळ्या चौकशीचा अर्थ लागला. एवढ्या दुपारी खाटेवर बसून बाबांनी हाच बेत शिजवला होता. गळ्यात वीणा असताना रागावणार कसं? बोट तारेवर फिरत राहिलं आणि डोळे भरून आले.

माणसं हंडीखाली सरकली. वीणा पुढे न्यायची, म्हणून आसारामही गेला. हंडी फुटली. दही आणि लाह्यांसाठी शेकडो हात वर झाले.

आणि शाळेमागून इंजिन बोललं. आधी दोनदा खोकलं, मग एका सुरात लागलं. विमान लिंबाच्या शेंड्यावरून वळलं, पेटी उघडली, आणि झेंडूच्या पाकळ्या महाराजांच्या फेट्यावर, पोरांच्या डोक्यांवर, वीणेच्या तारांवर झरझर उतरल्या. काला घ्यायचा विसरून गाव वर बघत राहिलं.

आसाराम मात्र वर बघत नव्हता. विजयमालाने रिमोटची काडी आजवर कधी हलवली नव्हती. वीणा छातीशी धरून तो टाचा उंचावत शाळेच्या भिंतीपलीकडे बघू लागला.

तिकडे विजयमाला रिमोट परत मागत होती, आणि धोतर खोचलेले गोरक्षनाथबाबा, आभाळावरची नजर न काढता, कोपराने तिचा हात बाजूला सारत होते.