धरायला माणूस

बायको वारल्यावर गॅरेजात पहिला ट्रक आला, तेव्हा मॅनिफोल्ड धरायला माणूस मागायला भीमा मंगळवेढा रोडला धाकट्या भावाच्या गॅरेजात गेला. इंजिनाचा धूर बाहेर नेणारा हा बिडाचा जड भाग बोल्टनं बसवायचा तर दुसऱ्यानं उचलून धरावा लागतो. वीस वर्षं तो बायकोनं खांद्यावर धरला होता; शेवटी वेणी घालायलाही तिचा हात वर जात नव्हता. भाऊ मात्र एकटाच होता. इंजिनात आधीच बसवलेल्या स्टडच्या खुंट्यांवर मॅनिफोल्ड लटकला होता आणि तो निवांत नट आवळत होता. “तू तर सांगायचास, स्टड तुटत्यात, बोल्टच लाव,” भीमा म्हणाला. “एका गॅरेजात व्हतो तवा घाई असायची, दादा. स्टडला लई येळ लागतो.” भाऊ हसला. “आन् धरायला वैनी व्हतीच की.” भीमानं लटकलेल्या मॅनिफोल्डवरून हात फिरवला. “तू कशाला आलतास?” “स्टड न्यायला,” भीमा म्हणाला.