दोन बटणांचा शब्द

"पुअर नको लिहूस," मदत कक्षातल्या बाई म्हणाल्या. "इथे जो येतो तो पुअरच लिहितो. साहेब आता ते वाचतसुद्धा नाहीत. जरा वजनदार शब्द टाक."

मुलीनं पेन उचललं. हॉस्पिटलच्या बिलमाफीच्या फॉर्मवर छापलं होतं, 'फॅमिली कंडिशन', आणि पुढे दोन ओळींची मोकळी जागा. बाबांना वरच्या मजल्यावर दाखल करून आज तिसरा दिवस होता. तीन दिवसांत तिला रडू आलं नव्हतं, भूकही लागली नव्हती. इंग्रजी शब्द मात्र एकापाठोपाठ एक आठवत होते.

ते तिला पाचवीपासून पाठ होते. शाळेच्या फी-माफीला पुअर. वह्या वाटणाऱ्या मंडळाला नीडी. कॉलेजच्या शिष्यवृत्तीला अंडरप्रिव्हिलेज्ड. त्या वेळी रकाना पुरला नव्हता. बाबा तिच्या खांद्यावरून डोकावायचे. "बघ, आपली बढती होतेय. दरवर्षी शब्द लांबतोय." पुअरवर तर त्यांचा ठरलेला विनोद होता. "प्रगतिपुस्तकात आला तर कान पिळीन. फॉर्मवर आला तर फी माफ. शब्द एकच, पण कुठे बसलाय ते बघावं."

आई एका कारखान्यात काज-बटणाचं काम करायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण पुअर तेवढा ती लांबून ओळखायची. सुरुवातीला पोट सुटलेली काठी, मधे शेजारी शेजारी दोन बटणं, शेवटी वाकलेली सुई. फॉर्म भरून झाला की ती त्यावर बोट फिरवून बघायची, बटणं जागेवर आहेत ना. ती असली की तिचा जीव भांड्यात पडायचा.

मुलीनं डेस्टिट्यूट लिहिलं आणि ती थांबली. त्या शब्दाला डोक्यावर छप्पर चालत नाही. त्यांच्याकडे दीड खोली होती. तिनं शब्द खोडला.

"खाडाखोड चालत नाही गं." बाईंनी दुसरा कोरा फॉर्म पुढे सरकवला. "घरात कमावतं कोण?"

"आई. आणि बाबा."

बाईंनी मान हलवली आणि खिडकीकडे बघितलं.

तेवढ्यात आई जिना उतरून आली. तिनं तोंड धुतलं होतं, केस विंचरले होते. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

"सोड तो फॉर्म," ती म्हणाली. "डॉक्टरांनीच लिहून टाकलंय."

"काय लिहिलंय?"

"ह्यांच्या पायाशी पाटी लटकवलीय ना, तिच्यावर आज नवा कागद लागलाय. म्हटलं, वाचता येत नसलं म्हणून काय झालं, बघायला काय जातंय. तर मधे दोन बटणं." ती किंचित हसली. "आपण तोंड उघडायच्या आधीच, बघ. चांगली आहेत हो इथली माणसं."

मुलीनं पेनाला टोपण लावलं आणि ती वर गेली. आई मागोमाग आली.

बाबांचे डोळे मिटलेले होते. नाकातोंडावरच्या मास्कवर वाफ धरत होती, विरत होती. मुलीनं त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली. मग पाटी हातात घेतली. वाचली. पुन्हा वाचली.

"तोच आहे ना गं?" आईनं विचारलं.

पाटी थंड होती. मुलीला ती थंड आहे एवढंच जाणवत होतं.

"तोच आहे."

"मग मी जरा पाठ टेकते. तासाभरानं उठव. हे जागे झाले तर आधीच उठव, मीच सांगीन त्यांना."

खाटेशेजारच्या बाकावर आई आडवी झाली आणि लगेच घोरायला लागली.

मुलगी पाटी धरून उभी राहिली. अक्षर सुवाच्य होतं. आई चुकली नव्हती. काठी, दोन बटणं, सुई, सगळं जागच्या जागी होतं. छापील रकानाही जवळजवळ तोच होता. कंडिशन. फक्त त्याच्या आधीचा शब्द फॅमिली नव्हता, पेशंट होता.